‘अंग धरलं’ला इंग्रजी शब्द देणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,
सा. न.

हे सगळं खाली येऊन तोंडानंच सांगणार होते. पण तुमच्यासमोर बसलं की माझा गळा दाटतो. शिवाय तुम्ही माझ्यासाठी काय केलंत ते गंगापूर रोडवरच्या आपल्या सोसायटीत सगळ्यांना कळावं असंही मनात आहे. म्हणून उघडं पत्र लिहिते.

मी ज्यांची शुश्रूषा करते त्या आजी टायफॉइडनंतर अगदी खंगल्या होत्या. वजन ३८ किलो. बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या. पेज, मुगाची खिचडी, नाचणीचं सत्त्व असं तीन महिने चाललं आणि काटा ४५ वर आला. आजींनी अंग धरलं! त्या आनंदात मी इंग्लंडच्या सूनबाईंना मेसेज टाकला. त्यांना मराठी येत नाही, म्हणून मोबाईलवर ‘जाड’ शोधला आणि पहिला दिसला तो शब्द लिहिला: ‘आजी इज फॅट नाऊ, व्हेरी गुड.’ त्यांचं एका ओळीचं उत्तर आलं, माझ्या सासूबाईंबद्दल पुन्हा असं बोलू नका.

जिन्यात मी डोळे पुसत होते तेव्हा तुम्ही हाताला धरून आत नेलंत. मेसेज वाचलात, पण माझ्या इंग्रजीबद्दल चकार शब्द काढला नाहीत. उलट मलाच विचारलंत, “गुटगुटीत कोणाला म्हणशील?” बाळाला. “धष्टपुष्ट?” पैलवानाला. “आणि लठ्ठ?” मी म्हटलं, तोंडावर कोणालाच नाही. “मग तुला सगळं येतंय की,” म्हणालात.

टेबलावर द्राक्षांची ताटली होती. त्यातला एक मणी उचलून माझ्या तळहातावर ठेवलात. टपोरा, सालीला ताण आलेला. “हा प्लंप. द्राक्षाला, उशीला, बाळाच्या गालाला शोभतो. मोठ्या बाईला म्हटलास तर फॅटपेक्षा मऊ, पण तिला आवडेलच असं नाही.” चबी बाळाचा. स्टाउट म्हणजे अंगानं भरभक्कम. बुटांनाही चालतो, आणि जुना अर्थ गर्विष्ठ, शूर असा. ओबीस डॉक्टरांच्या कागदावरचा, आणि त्याच्या लॅटिन मुळाशी खाणंच आहे. तिथे मात्र मला बोलता आलं. उंचीच्या मानानं वजन किती ते बघायला किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागायचं, तो बीएमआय. २५ पासून पुढे ओव्हरवेट, ३० पासून ओबीस. आजींची उंची १५० सेंटिमीटर, म्हणजे आकडा येतो फक्त २०. आजारात तर १७ सुद्धा नव्हता, आणि १८.५ च्या खाली वजन कमी धरतात. एवढं रोज वहीत मांडणारी मी, आणि त्यांना फॅट लिहून बसले! तो सल अजून आहे.

बारीकपणाचे शब्द तर मला सगळे एकच वाटायचे. स्लिम म्हणजे सडपातळ, त्यात कौतुक आहे. स्लेंडर म्हणजे शेलाटी. थिन नुसता बारीक. स्किनी म्हटलं की किडकिडीत, ऐकणाऱ्याला टोचतो. लीन म्हणजे चरबी नसलेला, काटक. आणि गॉन्ट म्हणजे गाल बसलेले, डोळे खोल गेलेले. तो ऐकल्याबरोबर मला आजारातल्या आजीच दिसल्या. हाच ‘स्लिम’ इंग्रजीत आला तो वाकडा, वाईट अशा अर्थाच्या शब्दातून, आणि त्याचा जर्मन भाऊबंद आजही ‘वाईट’ याच अर्थानं वापरतात, हेही तुम्हीच सांगितलंत. शब्दांची अशी अर्थावरून गोत्रं लावून १८५२ साली कोश छापणारा रॉजे पेशानं डॉक्टर होता, हे ऐकून मला फार बरं वाटलं. माणसाचं अंग रोज जवळून बघणाऱ्यालाच हे सुचावं!

मग कॅलेंडरच्या मागच्या बाजूला पेन्सिलीनं दोन शब्द लिहून दिलेत: ‘फिल्ड आउट’. अंग धरण्यासाठी. मी लिहिलं, आजींचे गाल पुन्हा भरले आहेत, शी हॅज फिल्ड आउट, बांगड्या आता मनगटावर राहतात.

दहा मिनिटांत सूनबाईंचा व्हिडिओ कॉल आला. आधी त्यांनी माझी माफी मागितली, मी त्यांची. मग त्यांनी आजींना हात दाखवायला सांगितलं. आजींनी दोन्ही हात उंच करून बांगड्या वाजवल्या.

ते कॅलेंडरचं पान मी आजींच्या औषधांच्या डब्यात जपून ठेवलंय. खूप खूप आभार, बाई.

तुमची,
वरच्या मजल्यावरची, आजींची सिस्टर