मन्या, बॅरेंट्स समुद्राबद्दल सगळं सांगतो

प्रिय मन्या,

परवा फोनवर तू विचारलंस की एवढ्या वर त्या थंडीत आहे तरी काय, सगळं गोठलेलंच असेल ना, आणि मला नीट बोलताच आलं नाही कारण मागे तुझ्याकडे लोक बसलेले. म्हणून आता निवांत लिहितोय. लांब होणार आहे, चहा घेऊन बस.

पहिली गोष्ट, नॉर्वे आणि रशियाच्या उत्तरेला असलेला हा समुद्र गोठत नाही, म्हणजे दक्षिणेकडचा भाग तरी नाही. अटलांटिकमधून गरम पाण्याचा प्रवाह नॉर्वेच्या किनाऱ्याने वर येतो आणि थेट इथे घुसतो, त्यामुळे रशियाचं मुरमान्स्क बंदर आर्क्टिक सर्कलच्या वर असूनही वर्षभर चालू असतं. उत्तरेकडून मात्र आर्क्टिकचं थंडगार पाणी आणि बर्फ खाली येतं. समुद्र तसा उथळ, सरासरी २३० मीटर, आणि पसारा केवढा तर जवळपास १४ लाख चौरस किलोमीटर. हे गरम आणि थंड पाणी जिथे भिडतं तिथे, आणि वसंतात बर्फाची कड वितळते तिथे, समुद्रातलं सूक्ष्म शेवाळ प्रचंड वाढतं, ते खायला बारीक कोळंबीसारखे जीव येतात, आणि त्यांना खायला येतो कॅपेलिन नावाचा छोटा मासा.

मला खरं तर तुला या कॅपेलिनबद्दलच सांगायचंय. दिसायला आपल्या तारलीएवढा, चंदेरी, हातात घेतला तर काही विशेष वाटणार नाही. पण कॉड हा मोठा मासा, सील, देवमासे, पक्षी, सगळ्यांची भिस्त याच्यावर. हिवाळा संपता संपता तो उत्तरेकडून झुंडीने खाली किनाऱ्याला अंडी घालायला येतो, बहुतेक तिथेच मरतात, आणि त्यांच्यामागून कॉड येतो, म्हणून मार्च-एप्रिलमध्ये इकडच्या बंदरांत नुसती धांदल.

वार्डो म्हणून नॉर्वेचं अगदी पूर्वेचं गाव आहे, त्याच्यासमोर होर्नओया नावाचं बेट, बोटीने अगदी थोडा वेळ. उतरलास की आधी आवाज आणि मग वास, दोन्ही अंगावर येतात. कड्यावर गिलेमॉट नावाचे समुद्रपक्षी दाटीवाटीने उभे, काळी पाठ पांढरं पोट, मध्ये पफिन पक्षी, वर किटिवेक पक्षी ओरडतायत. गिलेमॉट घरटं बांधतच नाही रे! उघड्या खडकाच्या अरुंद कपारीवर एकच अंडं, एका टोकाला निमुळतं, आणि प्रत्येकाचा रंग आणि ठिपके वेगळे, त्यावरून आईबाप आपलं अंडं ओळखतात. पिल्लू तीन आठवड्यांचं झालं की धड उडता येत नसतानाच कड्यावरून खाली समुद्रात उडी मारतं आणि बाप त्याला घेऊन आत समुद्रात निघून जातो, पुढचं सगळं संगोपन बापाकडे. मी तिथे उभा होतो तेव्हा एक गिलेमॉट चोचीत कॅपेलिन धरून आला आणि त्या गर्दीत बरोब्बर आपल्या जोडीदाराजवळ उतरला, मी बघतच राहिलो.

आता वाईट भाग. १९८०च्या दशकात कॅपेलिन कोसळला. हेरिंग माशाची एक जबरदस्त पिढी आली आणि तिने कॅपेलिनची पिल्लं खाल्ली, वरून मासेमारीही चालूच. मग १९८६-८७च्या हिवाळ्यात याच समुद्रातल्या बेअर आयलंड या बेटावरचे गिलेमॉट एका वर्षात ८० टक्क्यांहून जास्त कमी झाले, भुकेने. उपाशी सील नॉर्वेच्या किनाऱ्यावर आले आणि हजारोंनी जाळ्यांत अडकून मेले. एक छोटा मासा गेला तर एवढं होतं, मला हे वाचून झोप लागली नव्हती.

चांगलं काय, तर नॉर्वे आणि रशिया १९७६ पासून एकत्र बसून किती मासे धरायचे याचा कोटा ठरवतात, शीतयुद्धातही ते थांबलं नाही. २०१३ ला कॉडचा कोटा १० लाख टन होता, २०२५ ला ३ लाख ४० हजार टनांवर आला. माझं ठाम मत आहे की मच्छीमार कितीही ओरडले तरी असे निर्णय घ्यायलाच हवेत, कारण आता गरम पाणी आणखी वर सरकतंय, बर्फ मागे हटतंय, कॉड उत्तरेला चाललाय, आणि बर्फाच्या कडेवर जगणारे पोलर कॉड, वॉलरस, अस्वलं यांना सरकायला जागाच उरत नाहीये.

हां, ज्याचं नाव समुद्राला आहे तो विलेम बॅरेंट्स, डच दर्यावर्दी. चीनला जायची वाट शोधायला निघाला, १५९६ मध्ये नोवाया झेमल्या या रशियाच्या बेटाला जहाज बर्फात अडकलं, वाहून आलेल्या लाकडांचं घर बांधून तिथेच हिवाळा काढला, पण १५९७ मध्ये उघड्या बोटीतून परतताना तो गेला. ते घर १८७१ मध्ये नॉर्वेच्या एका कप्तानाला सापडलं, आतलं सामान तसंच्या तसं!

तू एप्रिलच्या शेवटी ये. तेव्हा पक्षी कड्यावर आलेले असतात आणि दिवसही मोठा झालेला असतो. वाऱ्याला अडवणारं जॅकेट आण, बाकीचं माझ्याकडे आहे, आणि दुर्बीण विसरू नकोस. वहिनींना पण आण, त्यांना पफिन आवडणारच. सुट्टी मिळते का ते या आठवड्यात कळव म्हणजे मी वार्डोची राहायची सोय बघतो.

तुझा,
विन्या