कुरळ्या केसांना झिंज्या म्हणू नका

महोदय,

माझ्या नातीचे केस माझ्यासारखेच कुरळे. 'झिंज्या नीट बांधून ये' असं शाळेत ऐकून परवा पोर रडत घरी आली. कोरड्या कुरळ्या केसांत बारीक फणी घातली की ते तुटतात, हे मी ४० वर्षं भोगलंय. टाळूवरचं तेल वळणांमुळे टोकांपर्यंत उतरत नाही. त्यात आमचं बोअरचं जड पाणी. आता ओल्या केसांना कंडिशनर लावून, मोठ्या दातांच्या कंगव्याने टोकांकडून वर गुंता सोडवते. टॉवेल आपल्या सोलापूरचाच, पण त्याने खसाखसा पुसत नाही. जुन्या सुती साडीच्या तुकड्याने टिपते. सहा महिन्यांत टोकं तुटायची कमी झाली. शिक्षकांनो, घट्ट दोन वेण्यांची सक्ती नको. एक सैल वेणी चालू द्या.

– एक आजी, साखर पेठ, सोलापूर