महिन्याचा खोका बंद केलाय, पण आधी पूर्ण वाचा

ती. बाबा आणि ती. सौ. आई,

सा. न. वि. वि.

फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर बाबा तुम्ही "बरं बरं, तुला योग्य वाटेल ते कर" म्हणून विषय मिटवता आणि आई तू लगेच "जेवलीस का" वर येतेस, म्हणून लिहूनच पाठवतेय. दोघांनी मिळून वाचा, घाई करू नका.

तर, ॲमेझॉनवरून दर महिन्याला तुमच्याकडे जो सामानाचा खोका यायचा तो मी दसऱ्यापासून बंद केलाय. रागाच्या भरात नाही, नीट विचार करून. माझ्याकडे इथे पुण्यात आणि तिथे नाशिकला तुमच्याकडे, जिथे जिथे आपल्याकडचा चांगला पर्याय मिळतो तिथे अमेरिकन कंपनीचा माल यापुढे घ्यायचा नाही असं ठरवलंय. तुम्हाला आधी विचारलं नाही कारण तुम्ही माझ्या शब्दाखातर हो म्हणाला असतात आणि मग मनातल्या मनात काळजी करत बसला असतात की आता हे मिळेल का, ते मिळेल का. सगळं मिळणार आहे. तुमची एकही सवय मोडावी लागणार नाही, मोडलीच तर एखादी, आणि ती कुठली तेही सांगते.

आधी कारण सांगते, कारण बाबा तुम्हाला कारणाशिवाय काही पटत नाही आणि ते बरोबरच आहे.

27 ऑगस्ट 2025 ला आपल्याकडे गणपती बसले ना, त्याच दिवशी अमेरिकेने आपल्या मालावर 50 टक्के टॅरिफ, म्हणजे आयात कर, लागू केला. 7 ऑगस्टला आधीच 25 टक्के लावला होता, मग आपण रशियाकडून तेल घेतो म्हणून वर आणखी 25. औषधं, मोबाईल अशा काही गोष्टी सोडल्या पण कापड, दागिने, कोळंबी, मशिनरीचे पार्ट सगळं त्यात आलं. पेपरात वाचलं तेव्हा मीही पान उलटलं. मग विसर्जनानंतर आत्याकडे गेले आणि तिथून तिच्या धाकट्याच्या नाशिकमधल्या अंबडच्या युनिटवर गेले. बाबा, तिथे रॅकवर खोके थापीला थापी लावून ठेवलेत, सगळा तिकडच्या ऑर्डरचा माल, आणि तिकडचा गिऱ्हाईक म्हणतोय आत्ता पाठवू नका, बघू. धाकटा स्वतः बसून एकेक खोका उघडत होता, पार्टवरचा प्लॅस्टिकचा कागद सोडवायचा, फडक्याने पुसायचं, गंज धरू नये म्हणून पुन्हा तेल लावायचं, पुन्हा गुंडाळून ठेवायचं. एकदा पॅक झालेला माल. ज्या पोरांनी हे करायचं त्यांना रात्रपाळी बंद झाल्यामुळे घरी पाठवलंय. आत्या काही बोलली नाही तुमच्याशी, मला माहितीये, ती बोलणार पण नाही, म्हणून मी सांगतेय. दिवाळीत तिच्याकडे जाल तेव्हा तुम्ही विषय काढू नका, फक्त जा.

तिथून घरी आले आणि तुमच्या खोक्याची यादी उघडली. कोलगेट, बॉर्नव्हिटा, क्वेकर ओट्स, विक्स, एरियल, ऑल आउट, सगळं अमेरिकन कंपन्यांचं, आणून देणारीही अमेरिकन. मला ती ऑर्डर पाठवता येईना.

आता तुम्ही काय म्हणाल तेही मला माहितीये. कोलगेट गोव्यात बनतं, आपलीच पोरं तिथे कामाला आहेत. खरंय, आणि त्यांच्या पोटावर पाय यावा असं मला अजिबात वाटत नाही. पण त्या इथल्या कंपनीचे 51 टक्के शेअर अमेरिकेतल्या कंपनीकडे आहेत, वर रॉयल्टी वेगळी जाते. विको किंवा डाबरची पेस्ट बनवायलाही पोरं आपलीच लागतात, फक्त उरलेला पैसा इथे राहतो. आणि दुसरं तुम्ही म्हणाल की एका घराने ट्यूब बदलून ट्रम्पला काय फरक पडणार. बाबा, आप्पांच्या कपाटात त्या कंदिलाच्या काचा होत्या त्या कुठल्या होत्या? तळेगावच्या पैसाफंडाच्या. तो कारखाना 1908 साली लोकांनी एकेक पैसा देऊन उभा केला, आप्पा तुम्हाला सांगायचे आणि तुम्ही आम्हाला सांगायचात, जेवताना. पैसा देणाऱ्या कोणीही माझ्या एका पैशाने काय होणार असं विचारून हात आखडता घेतला नाही. हे तुमच्याकडूनच आलंय माझ्यात, आता तुम्हीच मला समजावू नका.

आणि आई, तुला जे वाटेल ते मी आधीच सांगते. तुला वाटेल, आपला धाकटा तिकडे आहे आणि ही इकडे अमेरिकेच्या नावाने बहिष्कार घालून बसली. तसं नाहीये गं. त्याच्याशी मी बोललेय. आधीच त्या व्हिसाच्या 1 लाख डॉलर फीची बातमी आल्यापासून तुम्ही दोघं नीट झोपत नाही, त्याचा आहे तो व्हिसा चालू आहे, ती फी नव्या अर्जांना आहे, त्याने तुम्हाला सांगितलंय, मीही सांगतेय. तिथल्या माणसांबद्दल माझ्या मनात काही नाही, त्याच्या शेजारच्या बाईंनी तुझ्या बाळंतविड्याच्या लाडवांचं किती कौतुक केलं होतं. तो बॅगेतून जे आणेल ते आनंदाने घ्यायचं, बदाम, चॉकलेट, तुझ्या व्हिटॅमिनच्या गोळ्या, सगळं. मुलाने आणलेली वस्तू ही वेगळी गोष्ट आहे, तिला कंपनी नसते. हे धोरण फक्त आपण दुकानात पैसे देतो तिथपुरतं.

आता सामानाचं. कोपऱ्यावरच्या दुकानवाल्या काकांशी मी बोलून आलेय, दसऱ्याच्या आदल्या दिवशी तुम्ही दोघं दुपारी झोपला होतात तेव्हा. त्यांच्याकडे यादी दिलीय, पैसे मी इथून महिन्याला पाठवणार, तुम्ही पाकीट काढायचं नाही. त्यांचा मुलगा दर शनिवारी सामान घेऊन वर येणार, कणकेची पिशवी थेट स्वयंपाकघरात ठेवणार, बाबा तुम्ही ती उचलायची नाही, जिन्यात तर मुळीच नाही. आणि खरं सांगू, मला यात सगळ्यात जास्त बरं हे वाटलं की खोका दाराशी ठेवून माणूस निघून जायचा, हा मुलगा मात्र तुम्हाला ओळखतो. मी त्याला माझा नंबर दिलाय. दोनदा बेल वाजवून दार उघडलं नाही तर तो मला फोन करणार आहे. मागच्या पावसाळ्यात आईला चक्कर आली तेव्हा पुण्याहून मी नुसती फोन लावत बसले होते, ती दुपार मला अजून आठवते. मी येऊ शकत नाही म्हणून तो खोका पाठवत होते हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही. मग आठवड्याला कोणीतरी दारात उभं राहून "काकू, बरं आहे ना" विचारणार असेल तर ते मला खोक्यापेक्षा हवंय.

बाबा, तुमची पेस्ट आता विको वज्रदंती. तुरट लागेल पहिले काही दिवस, पण तुम्हीच सांगायचात लहानपणी देवळालीच्या घरी तुम्ही तीच पावडर वापरायचात. आई, तुझी सेन्सोडाइन चालू ठेव, ती इंग्लंडच्या कंपनीची आहे, आणि तुझ्या दातांवर मला प्रयोग करायचे नाहीत. पेस्ट, साबण, शाम्पू सगळ्यावरचा जीएसटी घटस्थापनेपासून 18 वरून 5 टक्के झालाय, तर जुन्या छापील किमतीला कोणी देत असेल तर विचारा, बाबा हे काम तुमचं, तुम्हाला आवडेल.

ओट्सच्या जागी काकांकडे नागलीचं पीठ सांगितलंय, पेठ-सुरगाण्याकडची नागली येते त्यांच्याकडे. सकाळी आंबील, ताक घालून, मीठ-जिरं, वरून थोडी कोथिंबीर, तुला मी काय शिकवणार आई, आजीच्या हातची तूच खाल्लीयेस. एखाद्या दिवशी ओट्सच हवे वाटले तर सफोलाचे आहेत, मॅरिको कंपनी मुंबईची. बॉर्नव्हिटा मात्र बाबा बंद, आणि ही ती एक सवय. कॅडबरी 2010 साली अमेरिकेच्या क्राफ्टने घेतली तेव्हापासून ती तिकडचीच, पण खरं कारण ते नाही, त्यात साखर किती असते ते डब्यावर वाचा आणि तुमचा मागचा रिपोर्ट बघा. रात्री गरम दूध, चिमूटभर हळद आणि वेलदोडा. आई, त्यांनी साखर मागितली तर द्यायची नाही. थम्सअपही त्यातच आलं. तुम्ही मोठ्या अभिमानाने सांगता ना की 77 साली जॉर्ज फर्नांडिसनी कोका-कोलाला घालवलं आणि आपलं थम्सअप आलं, अहो ते 1993 साली कोका-कोलानेच विकत घेतलं. पाहुण्यांसाठी कोकम आगळ ठेवलंय फ्रिजमध्ये. कॉम्प्लान मात्र चालेल बरं का, सगळ्यांना बाहेरचं वाटतं पण 2019 पासून ते अहमदाबादच्या झायडसचं आहे, आईला अशक्तपणा वाटला की ते घे. मुलांसाठी दिवाळीत चॉकलेट आणायचं असेल तर अमूलचं आणा, आणि खरं तर तीही आल्या आल्या कोंडाजीच्या चिवड्याचा डबाच उघडतात.

विक्सवर मात्र मी अडले. यादीतून ते नाव काढताना हात थांबला माझा. रात्री खोकला सुरू झाला की तू अंधारातच यायचीस, बोटावर विक्स घेऊन आधी दोन्ही तळवे एकमेकांवर चोळायचीस, गार हात लागू नये म्हणून, मग छातीवर, मग पाठीवर, मग नाकाखाली अगदी थोडंसं, आणि सोलापुरी चादर गळ्यापर्यंत ओढून तिथेच पायथ्याशी बसून राहायचीस. आजही सर्दी झाली की मी तशीच हात चोळते. आई, घरात आहे ती डबी संपेपर्यंत वापर. पुढची अमृतांजन घे, तेही 1893 सालचं, मुंबईत सुरू झालेलं, तुझ्या आजीच्याही घरात असेल. आणि तव्यावर ओवा गरम करून पुरचुंडीचा शेक, तो तर कुठल्याच कंपनीचा नाही.

घरात जे जे आधीच आहे ते सगळं संपवायचं, काहीही फेकायचं नाही. एरियलचं पाकीट अर्धं आहे, ते संपलं की घडीची पावडर येईल. ऑल आउटची बाटली संपली की गोदरेजचं गुड नाइट, मशीनसकट सांगितलंय. बाबा, तुमचे स्केचर्सचे बूट अमेरिकन आहेत म्हणून उगाच माळ्यावर टाकू नका. तुमच्या गुडघ्याला ते सोसलेत, गोल्फ क्लबवर फेऱ्या मारताना तेच घालायचे. झिजले की आपण दोघं मेन रोडला जाऊ आणि कॅम्पस किंवा स्पार्क्सचे पायात घालून चालून बघू, नाही जमले तर पुन्हा तेच घेऊ, त्यात मला कमीपणा वाटणार नाही. व्हॉट्सॲपही आहेच, नातवंडांचा चेहरा त्यावर दिसतो तुम्हाला. अरट्टाई नावाचं तसंच ॲप टाकून ठेवलंय तुमच्या फोनमध्ये, चेन्नईच्या झोहो कंपनीचं, आपण चौघं हळूहळू त्यावर येऊ. पैसे पाठवायला गुगल पे ऐवजी भीम ॲप वापरा, बँकेचं खातं तेच, पैसे तेच. फक्त लक्षात ठेवा, पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच लागत नाही, फोनवर कोणी गोड बोलून पिन टाकायला सांगितलं की फोन ठेवून द्यायचा. उद्धटपणा वाटला तरी चालेल.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, हे दोनदा वाचा. औषधांना हात लावायचा नाही. बाबा, मी तुम्हाला ओळखते, हे पत्र वाचून तुम्ही औषधांचा डबा काढून मागच्या बाजूला कंपनी वाचत बसाल. आईची थायरोनॉर्म ॲबटची आहे, ॲबट अमेरिकन आहे, मला माहिती आहे, आणि ती तीच राहणार आहे. थायरॉइडच्या गोळीचा ब्रँड मनाने बदलायचा नसतो, डोस अगदी थोड्या फरकाने वर-खाली होतो, बदलली तर दीड-दोन महिन्यांनी टीएसएच पुन्हा तपासावा लागतो. डॉक्टरांनी स्वतः बदलली तरच बदलायची. केमिस्टने "तीच आहे, वेगळ्या कंपनीची" म्हणून हातात दिली तरी घ्यायची नाही, परत करायची. बाबांच्या बीपीच्या आणि शुगरच्या गोळ्यांचंही तेच.

आई, ती गोळी उठल्या उठल्या, नुसत्या पाण्याबरोबर, आणि त्यानंतर किमान अर्धा तास चहा नाही. बाबांचा चहा टाकलाच आहेस म्हणून घोटभर, असं चालणार नाही. कॅल्शियमची गोळी सकाळी नाही, रात्री जेवणानंतर. दिवाळीआधी टीएसएच करून घे, लॅबचा माणूस घरी येईल, मी सांगितलंय, सोमवारी सकाळी सात वाजता, उपाशी बसायची गरज नाही पण गोळी त्या दिवशी रक्त दिल्यावर घे. रिपोर्ट आला की बाबा तुम्ही फोटो काढून पाठवा, आई "नॉर्मल आहे" सांगेल, मला आकडा हवाय.

तुमची,
मोठी