गणपतीला गावी जाणाऱ्या इलेक्ट्रिक गाड्यांसाठी : परिवहन मंत्र्यांना खुले पत्र

मा. परिवहन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सप्रेम नमस्कार.

आम्ही ठाण्यात राहतो. सासर कुडाळजवळ. दोन वर्षांपूर्वी कर्ज काढून इलेक्ट्रिक गाडी घेतली आणि त्याचा आजही आनंद आहे. आपल्या सरकारने २०२५ च्या धोरणात मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी आणि अटल सेतूवर अशा गाड्यांना टोल माफ केला, त्याबद्दल मनापासून आभार. हे पत्र मात्र कोकणच्या वाटेबद्दल, म्हणजे मुंबई-गोवा महामार्गाबद्दल आहे.

गेल्या वर्षी गणपतीला निघण्याआधी माझ्या मुलीने वहीत तक्ता काढला होता. चार्जिंगचा पहिला थांबा महाड, दुसरा रत्नागिरीजवळचा हातखंबा. आमची बॅटरी ४० युनिटची. हायवेला एसी लावून, पाच माणसं आणि सामान घेऊन एका चार्जमध्ये गाडी खरी दोनशे-अडीचशे किलोमीटरच जाते. ठाण्याहून कुडाळ सव्वाचारशेच्या वर, म्हणजे दोनदा थांबणं आलंच. सासूबाईंना साखरेचा त्रास आहे, त्यांचं जेवण वेळेवर लागतं. म्हणून मुलीने प्रत्येक थांब्यापुढे स्वच्छतागृह आहे का, बसायला जागा आहे का, हेही लिहिलं होतं.

२५ ऑगस्टच्या पहाटे निघालो. महाडला ८० टक्के होईपर्यंत थांबलो. त्यापुढे चार्जिंगचा वेग उतरतो आणि मागच्याला उगाच ताटकळावं लागतं. कशेडीचा बोगदा झाल्यापासून घाटाचा चढ वाचतो, पण पुढे जागोजागी कोंडी आणि धो धो पाऊस. हातखंब्याला पोचलो तेव्हा १९ टक्के उरले होते. चार्जरचा स्क्रीन काळा. गनला, म्हणजे गाडीत खोचायच्या प्लगला, प्लॅस्टिकची पिशवी बांधलेली, तिच्यात पाणी साचलेलं. ॲपमध्ये त्याच चार्जरपुढे हिरवा ठिपका होता. शेजारच्या टपरीवरचा मुलगा म्हणाला, "ताई, चार दिवस झाले, बंदच आहे. तुमच्यासारखे सकाळपासून सहा जण परत गेले."

मग हायवे सोडून रत्नागिरीकडे वळलो, एसी बंद करून. काचा खाली केल्या की पाऊस आत, वर घेतल्या की जीव गुदमरायचा. तिथे एकच गन आणि पुढे तीन गाड्या. प्रत्येकीला पाऊण तास. त्या कंपनीचं ॲप वेगळं, त्यात आधी पैसे भरायचे, आणि नेमकं तिथेच मोबाइलला नेटवर्क नाही. सासूबाई गाडीतच बिस्किटं खाऊन बसल्या. घरी पोचलो तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते. गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची माटोळी बांधून झाली होती. ती बांधायला हात लावायचा म्हणून तर मुलं दोन दिवस आधी निघायचा हट्ट धरतात.

साहेब, राष्ट्रीय महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंगची सोय करायची, असं आपलं धोरण सांगतं. उद्दिष्ट चांगलंच आहे. पण चार्जर किती बसवले, या आकड्यावर आम्हाला प्रवास करता येत नाही. पेट्रोलचा पंप बंद निघाला तर पुढचा पाच-दहा किलोमीटरवर असतो. आमचा चार्जर बंद निघाला की अख्खा दिवस कोलमडतो. म्हणून ज्यांना सरकारी मदत किंवा सरकारी जागा मिळते, त्यांचे पैसे चार्जर महिन्यातून किती तास चालू राहिला यावर ठरवा आणि ते तास लोकांसमोर मांडा. बंद चार्जर ॲपवर हिरवा दिसला तर दंड करा. एका ठिकाणी किमान दोन गन असाव्यात. पैसे यूपीआयने थेट घेता यावेत, वेगळ्या ॲपची सक्ती नको. वर पत्रा, रात्री दिवा आणि बायकांना जाता येईल असं स्वच्छतागृह, हे तर कुठल्याही थांब्याला लागतंच.

गणपतीत सरकार या हायवेवर सुविधा केंद्रं उघडतं, गणेशभक्तांना टोलमाफीचे पास देतं, जादा एसटी सोडतं. त्याच केंद्रांवर त्या दिवसांपुरता चार्जर दुरुस्त करणारा एक माणूस बसवा. पावसात झाड तारेवर पडून वीज गेली, तर जवळचा कोणता चार्जर चालू आहे ते सांगायला एक फोन नंबर द्या. याला नवं धोरण लागत नाही, मोठा खर्चही नाही. जुलैअखेर महाड ते सावंतवाडी सगळे चार्जर एकदा माणूस पाठवून तपासून घेतले, तरी अर्धं काम होईल.

यंदा गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे. मुलीने वही पुन्हा काढली आहे. महाडपुढे तिने बरोबरची खूण केली, हातखंब्यापुढची जागा कोरी ठेवली आहे. तिथे काय लिहू, असं ती विचारते आहे. ऑगस्टच्या आत आपल्या कार्यालयाकडून उत्तर मिळावं, ही विनंती.

आपली नम्र,
ठाण्यातली एक कोकणकरीण