आजोबांची होडी वाचवणाऱ्या काकांस

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

आजोबांनी स्वतः बांधलेली होडी आपल्यामुळे पुन्हा पाण्यात उतरली, त्याबद्दल आपले आभार सर्वांसमक्ष मानावेत असे मनापासून वाटले, म्हणून हे जाहीर पत्र लिहीत आहे.

होडीवर फायबरग्लासचा थर चढवून मोकळे व्हावे, असेच बहुतेकांनी सुचवले होते. लाकूड ओलाव्याने फुगते आणि वाळले की आकसते, थर मात्र ताठच राहतो. पुढे तो सुटतो आणि आत कोंडलेल्या ओलाव्याने लाकूड कुजते, हे आपण शांतपणे समजावून सांगितले. मग आपण टोच्याने प्रत्येक फळी आणि बरगडी, म्हणजे फळ्यांना आतून आधार देणारे वाकवलेले लाकूड, तपासली. कूज निघाली ती पावसाचे गोडे पाणी साचत असे तिथेच, म्हणजे बैठकीखाली आणि मागच्या आडव्या फळीच्या कोपऱ्यांत. बाकीचे लाकूड टणक होते, आणि टणक लाकडाला हात लावायचा नाही हा आग्रह आपण शेवटपर्यंत सोडला नाही. अख्खी फळी बदलणे सोपे असताना आपण कुजका भाग तेवढाच कापलात आणि जाडीच्या आठपट लांबीचा तिरका सांधा देऊन नवा तुकडा जोडलात. बैठकीच्या खालच्या बाजूस आजोबांनी पेन्सिलीने केलेल्या खुणा आजही वाचता येतात, त्या या आग्रहामुळेच. माझ्या दृष्टीने याहून मोठे काम दुसरे नाही.

नव्या बरगड्या वाकवण्याचे कामही विसरता येणार नाही. इंचभर जाडीला साधारण तासभर वाफ द्यायची आणि वाफेच्या पेटीतून काढताच, लाकूड निवण्याआधी, बरगडी जागेवर बसवायची, यात आपला हात एकदाही अडखळला नाही. गंजलेल्या लोखंडी खिळ्यांच्या जागी आपण तांब्याचे रिव्हेट बसवलेत.

पाण्यात उतरवल्यावर सांध्यांतून पाणी येऊ लागले, तेव्हा घरातले सगळेच धास्तावले होते. ‘काही भरू नका, फळ्या फुगू द्या,’ एवढेच आपण म्हणालात, आणि काही दिवसांत सांधे आपोआप मिटले. मोबदला घेण्यास आपण नकार दिलात. तो आग्रह मी पुन्हा करत नाही. पुढच्या रंगकामाआधी मात्र आपण एकदा येऊन नाळेजवळची, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाजवळची, फळी नजरेखालून घालावी, आणि त्या दिवशी वल्ही आपणच हाती घ्यावीत, ही विनंती.

आपली कृतज्ञ,
होडी बांधणाऱ्याची नात