जाको गोळ्या घेत असता तर?

प्रिय मित्रा,

परवा रात्री पावणेदोनला तुझा मेसेज आला, 'जाको गोळ्या घेत असता तर डोना ली झालं असतं का?' एवढंच. पुढे ना शिवी ना स्मायली. म्हणजे तुझं म्हणणं असं की जाको पास्टोरियस, तो जॅझमधला बेस गिटारवाला, त्याचं 'डोना ली'चं ते वाजवणं आजारातूनच आलं. लगेच रिप्लाय टाकला असता तर रागाच्या भरात भलतंच काहीतरी लिहून बसलो असतो म्हणून फोन उलटा ठेवला आणि झोपलो, म्हणजे झोप आलीच नाही ते सोड. तीन आठवड्यांपासून तुझ्या बायपोलरच्या गोळ्या बंद आहेत हे मला तुझ्या बहिणीने सांगितलं, तिच्यावर डाफरू नकोस, मीच खोदून खोदून विचारलं. दोन दिवस जुने रेकॉर्ड काढून ऐकतोय आणि आता लिहायला बसलोय, लांबलचक होणार आहे, चहा घेऊन बस.

आधी तारखा बघू. तुझं नेहमीचं आहे, भावनेच्या भरात तारखा गिळून टाकतोस.

जाकोचा जन्म १ डिसेंबर १९५१, अमेरिकेत पेनसिल्वेनियातलं नॉरिसटाउन. आणि गंमत बघ, लिओ फेंडरने प्रिसिजन बेस, म्हणजे इलेक्ट्रिक बेस गिटार, बाजारात आणला तोही १९५१ सालीच. म्हणजे पोरगा आणि वाद्य एकाच वयाचे. इलेक्ट्रिक बेसला तेव्हा ना घराणं, ना गुरू, ना 'आमच्याकडे असं वाजवत नाहीत' म्हणून कान पिळणारं कोणी. लहानपणीच घर फ्लोरिडाला हललं. बाप ड्रमर आणि गायक, त्यामुळे पोरगंही ड्रमवरच बसलं. तेराव्या वर्षी फुटबॉल खेळताना मनगट मोडलं आणि ते नीट कधी जुळलंच नाही, स्नेअर ड्रमवर हवा तसा फटका बसेना. गावातल्या ज्या बँडमधे वाजवायचा तिथे त्याच्यापेक्षा भारी ड्रमर आला, नेमका बेसवाला सोडून गेला, रिकाम्या जागेवर हा जाऊन उभा राहिला. कसलं नशीब नि कसली हाक, मोडलेलं मनगट होतं ते.

पैसे साठवून साठवून त्याने उभा डबल बेस घेतला होता, फ्लोरिडाच्या दमट हवेत त्याला तडे गेले आणि विषय संपला. मग पुन्हा फेंडर जॅझ बेस. पण कानात उभ्या बेसचा आवाज बसलेला, तो काही जाईना, तर साहेबांनी काय केलं, बेसच्या मानेवरचे फ्रेट, म्हणजे सुरांच्या जागा दाखवणाऱ्या धातूच्या आडव्या पट्ट्या, काढलेलेच वापरायला घेतले. हे फ्रेट काढायचं प्रकरण तो कधी एक सांगायचा कधी दुसरं, बटर नाइफने स्वतः उपटले असंही सांगायचा, त्याच्या गोष्टींवर फार भरवसा ठेवू नये. पण नंतरचं काम बघ, ते खरं सुताराचं काम आहे. फ्रेट निघाले की मानेवर आडव्या खाचा उरतात, त्या लाकडाच्या लांबीने, म्हणजे पुट्टीने, भरून घासून सपाट केल्या. मग प्रश्न तारांचा. त्याला राउंडवाउंड तारा हव्यात, आवाज टणटणीत येतो, पण त्या तारेवर बाहेरून गुंडाळलेलं धातूचं वेटोळं कानशीसारखं चालतं, उघडं लाकूड बघता बघता चरून टाकतं. म्हणून बोटींना लावतात ते इपॉक्सी आणलं आणि थरावर थर देऊन सगळी पट्टी काचेसारखी कडक केली. त्यामुळे लाकूडही वाचलं आणि तो घशातून गाणारा आवाजही मिळाला. तारांचा आवाज उचलणारा मागचा पिकअप जास्त, उजवा हात तारा जिथे टेकतात त्या ब्रिजजवळ, आणि मींड अशी की सतारवाल्यापेक्षा सरोदवाल्याला आधी कळावी. फ्रेट नाहीत म्हणजे सूर चुकला तर लपायला जागा नाही, केसभर सरकलं बोट की बेसूर. आता मला सांग, डोक्यात वीज चमकली म्हणून असा सूर लागतो का? रोज घासावं लागतं रे, तासन्‌तास. तुला हे मी कशाला सांगतोय, दोन वर्षं तुझ्या खोलीतून स्केल ऐकून मीच कंटाळलो होतो.

मग १९७२ मधे वेन कॉक्रनच्या सी सी रायडर्समधे लागला. सोल बँड, बसने फिरायचं, जवळजवळ रोज रात्री शो. घरी बायको आणि लहान मूल, हा वीस वर्षांचा. त्याच बँडमधे नोटेशन वाचणं आणि ब्रास सेक्शनसाठी अरेंजमेंट लिहिणं शिकला. आणि हे तुला मुद्दाम सांगतो, त्या काळात तो दारू आणि ड्रग्ज दोन्हीपासून लांब राहायचा. तुझ्या डोक्यातला जो जाको आहे ना, केस विस्कटलेला, डोळे तारवटलेला, तो त्या बसमधे नव्हताच. तिथे एक पोरगा होता जो अरेंजमेंट लिहीत बसायचा.

आता १९७६ बघ. एकच वर्ष. 'जाको पास्टोरियस' हा पहिला सोलो अल्बम, बॉबी कोलोंबीने प्रोड्यूस केलेला. गिटारवाल्या पॅट मेथिनीचा 'ब्राइट साइज लाइफ', त्याचं रेकॉर्डिंग डिसेंबर १९७५ चं. वेदर रिपोर्ट या जॅझ बँडचा 'ब्लॅक मार्केट', त्यात दोन गाण्यांवर याचा बेस, एक तर त्यानेच लिहिलेलं. आणि गायिका जोनी मिचेलचा 'हेजिरा', त्यात चार गाण्यांवर बेस. वय वर्षं २४! हे चार रेकॉर्ड नुसते कपाटात शेजारी शेजारी लावले तरी मला घाम फुटतो.

पहिल्या अल्बमची सुरुवातच डोना लीने. १९४७ चं, चार्ली पार्करच्या नावावरचं बीबॉप, म्हणजे भन्नाट वेगाचं जॅझ, सॅक्सोफोनच्या फुंकरीसाठी लिहिलेली सुरावट, आणि हा ती बेसवर वाजवतो, सोबत फक्त डॉन अलायसचा कोंगा, हाताने वाजवायचा तो ढोल. ना पियानो ना ड्रम. कॉर्ड कोण धरतंय तर कोणीच नाही, बेसवाल्यानेच सूर गायचा आणि बेसवाल्यानेच जमीनही धरून ठेवायची. अडीच मिनिटं. शेवटाकडे कधी ते विरून जातं कळत नाही. वेदर रिपोर्टच्या झाविनुलचा किस्सा तुला माहितीच आहे, मायामीत शो संपल्यावर हा त्याच्यासमोर गेला आणि म्हणाला मी जगातला सगळ्यात भारी बेस प्लेयर आहे, झाविनुलने अर्थातच हाकलला. पण हा चिकट, टेप पाठवत राहिला. आणि टेप ऐकून झाविनुलने विचारलं म्हणतात की पोरा, तू इलेक्ट्रिक बेसही वाजवतोस का? त्याला तो उभा बेसच वाटला होता. यापेक्षा मोठी पावती नाही.

मला स्वतःला मात्र डोना लीपेक्षा 'पोर्ट्रेट ऑफ ट्रेसी' जास्त छळतं. सगळं हार्मोनिक्सवर. तार दाबायची नाही, नुसतं बोट टेकवायचं, निम्म्यावर, तिसऱ्या भागावर, चौथ्या भागावर, की घंटेसारखा वरचा सूर निघतो. हे सगळ्यांना येतं. पण मधे एक जागा आहे तिथे पहिल्या बोटाने तार खाली दाबून धरायची आणि त्याच तारेवर वर करंगळीने हार्मोनिकचा बिंदू शोधायचा, नुसता स्पर्श. चौतीस इंची बेसवर, खालच्या बाजूला, जिथे अंतर सगळ्यात जास्त. माझा पंजा तिथे उघडतच नाही. मनगट आतून दुखायला लागतं, करंगळी थरथरते आणि घंटेऐवजी 'टक्' असा मेलेला आवाज येतो. अकरा वर्षं झाली, एकदाही धड लागलेलं नाही. त्यामुळे कोणी त्याला 'वेडा जीनियस' म्हटलं की माझं टाळकं फिरतं, ही जागा मोजून मापून, शांत डोक्याने बसवलेली आहे, खालून किती बोटांवर दाबलं की वर कुठे कुठला सूर मिळेल याचा हिशोब आहे तो.

१९७७ ला वेदर रिपोर्टचा 'हेवी वेदर'. त्यातल्या 'बर्डलँड'च्या सुरुवातीला ती वर पिंगा घालणारी धून आहे ना, ती गिटार नाही, तो बेस आहे, हे मी आजवर किती जणांना सांगितलं असेल आणि किती जणांनी विश्वास ठेवला नसेल. 'टीन टाउन' आणि 'हवोना' त्याचीच, टीन टाउनवर तर ड्रमही तोच वाजवतोय, मोडक्या मनगटाने.

इथून पुढे मात्र तुझा मुद्दा येतो आणि मी तो टाळणार नाही. वेदर रिपोर्टच्या काळातच पिणं सुरू झालं, वाढलं. आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर १९८१ चा 'वर्ड ऑफ माउथ', तो मोठा बँडवाला अल्बम, तोवर आजाराची चिन्हं दिसायला लागली होती आणि अल्बम तरीही जबरदस्त आहे. तेव्हा तू म्हणशील बघ, आलं ना त्यातूनच. मला तसं ऐकू येत नाही. मला त्यात ब्रासचं लिखाण ऐकू येतं, जे तो बसमधे शिकला होता. आजार तेव्हा दारात होता, लिहीत जाको होता. आणि लगेच पुढच्या वर्षी, १९८२ ला, जपानच्या दौऱ्यात तो हाताबाहेर गेला, हिरोशिमाच्या खाडीत बेस फेकून दिला. परत आल्यावर निदान झालं, बायपोलर. तुझं जे आहे तेच.

आता त्यानंतरची यादी कर. मी परवा करायला बसलो होतो, कागद जवळजवळ कोराच राहिला. लाइव्ह रेकॉर्डिंगं निघाली, लोकांनी टेप बाहेर काढल्या, पण १९७६ सारखं वर्ष पुन्हा आलं नाही. तोच आजार, गोळ्या धरसोड, तोच माणूस, मग संगीत वाढायला हवं होतं ना तुझ्या थिअरीप्रमाणे? न्यूयॉर्कमधे रस्त्यावर राहायला लागला, पार्कात झोपायचा, बास्केटबॉल खेळायचा. १९८६ मधे बेलव्ह्यू हॉस्पिटलमधे होता, तिथे लिथियमच्या जागी कार्बामाझेपिन दिलं. त्याच वर्षी वॉशिंग्टन स्क्वेअर पार्कच्या बाकावरून तो फ्रेट नसलेला बेस चोरीला गेला. लांबी भरून, इपॉक्सी लावून तयार केलेला, तोच.

१९८५ चा तो शिकवणीचा व्हिडिओ तू बघितलायस का नीट? जेरी जेमॉट समोर बसलाय, ज्याला ऐकून जाको शिकला तो जेमॉट, आणि तो याची स्तुती करतोय, तू किती लोकांवर परिणाम केलास वगैरे. आणि जाकोचं उत्तर काय तर मला काम द्या. हसत हसत म्हणतो, पण मी तिथे दर वेळी व्हिडिओ थांबवतो. जगातला सगळ्यात भारी बेस प्लेयर गिग मागतोय, कारण बँडवाले त्याला बोलवायला घाबरतात, येईल का, आला तर वाजवेल का, वाजवला तर मधेच निघून जाईल का. जॅझमधे तुझी जागा लोकांच्या भरवशावर असते. ड्रमर डोळे मिटून तुझ्यावर टेकतो.

शेवट थोडक्यात सांगतो, मला तो लिहवत नाही. ११ सप्टेंबर १९८७, फ्लोरिडात सँटानाच्या शोमधे स्टेजवर घुसला, बाहेर काढला, मग रात्री एका क्लबच्या दारात भांडण, तिथल्या माणसाने मारला. कोमात गेला, २१ तारखेला गेला. पस्तीस वर्षांचा. तुझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान, लेका.

तो बेस मात्र सापडला पुढे, २००६ मधे. मालकीवरून वाद झाला, मग मेटालिकाच्या रॉबर्ट ट्रुहियोने पैसे भरून तो घरच्यांकडे येईल असं बघितलं. चोरीच्या आधीच तुकडे झाले होते त्याचे, तेव्हाच जोडला, आणि वाजतो.

आता तुझं. तू म्हणालास गोळ्या घेतल्या की हात थरथरतो आणि डोक्यात काही येत नाही. खोटं नाहीये ते, लिथियमने हात थरथरतो, डॉक्टरांना हे रोज ऐकायला मिळतं, आणि त्यावर डोस बदलणं, औषध बदलणं असे उपाय असतात. पण ते तू सांगितलंस तर. तू काय केलंस, कोणाला न विचारता पाकीट ड्रॉवरमधे टाकलंस आणि रात्री दोन वाजता मला मेलेल्या माणसाचा दाखला पाठवलास. आणि मागच्या वेळी बंद केल्या होत्यास तेव्हा काय बनवलं होतंस सांगू? चाळीस फायली. मी सगळ्या ऐकल्यात. बहुतेक आठ आठ सेकंदांच्या आहेत. एकही पूर्ण नाही. त्याच्या आधीच्या वर्षी, गोळ्या चालू असताना, ते सहा मिनिटांचं हळू गाणं केलं होतंस, ज्यात मधे दोन बार तू काहीच वाजवत नाहीस. ते मी आजही लावतो.

सकाळी दहाला डॉक्टरांचा नंबर लागतो ना, उद्या करशील? थरथरीचं पहिलं वाक्य म्हणून सांग, बाकीचं मागाहून. सोबत यायचं असेल तर येतो, बाहेर बसेन. फोन झाला की मला एक अक्षर टाक. आणि शनिवारी बेस घेऊन ये, ट्रेसीमधली ती जागा बघू, तुझी करंगळी माझ्यापेक्षा चांगली अर्धा इंच लांब आहे.

तुझाच,
तोच, दोन वर्षं स्केल ऐकलेला