रक्त देणाऱ्यांनाही निष्कर्ष कळू द्या

महोदय,

एका विद्यापीठाच्या आनुवंशिकशास्त्र विभागाचा वार्षिक संशोधन परिसंवाद नुकताच नाशिकमध्ये झाला. विद्यार्थी आपापल्या पोस्टरपाशी उभे राहून प्रत्येक शंकेला मनापासून उत्तर देत होते. त्यांची तयारी पाहून समाधान वाटले. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावरच्या पोस्टरपुढे मी बराच वेळ थांबले, कारण सुरगाणा, पेठ, कळवणकडच्या आदिवासी कुटुंबांचा हा पिढ्यानपिढ्यांचा आजार. अशा संशोधनाला रक्ताचे नमुने हीच माणसे देतात. सभागृहात मात्र त्यांच्यापैकी कोणी नव्हते आणि सगळा कार्यक्रम इंग्रजीत होता.

आश्रमशाळेत शिकवताना पालकांकडून मी वारंवार ऐकले आहे, "डॉक्टर म्हणाले चारात एक. एक पोर आजारी निघालं, आता पुढची तीन बरी." तसे नसते. आई-वडील दोघेही वाहक, म्हणजे आजाराचे जनुक अंगात असूनही स्वतः रुग्ण नसलेले, असतील तर दर गरोदरपणी बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के आणि ते वाहक होण्याची ५० टक्के असते. आधीच्या मुलांमुळे ती बदलत नाही. शिवाय सोल्युबिलिटी ही रक्ताची प्राथमिक चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणजे माणूस रुग्ण आहे की नुसता वाहक, हे कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही प्रयोगशाळेतली पक्की तपासणी करावी लागते. तो अहवाल येईपर्यंत गावात चर्चा होऊन मुलीचे ठरलेले लग्न मोडलेले असते. वाहक माणूस सहसा धडधाकट असतो, त्याने लग्न जरूर करावे. फक्त जोडीदाराची तपासणी आधी व्हावी. हे सारे मराठीत सहज सांगता येते.

१ जुलै २०२३ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवले गेले. तपासणी होईल, निकालाचे कार्डही मिळेल. पण त्या कार्डाचा अर्थ घरोघरी सांगणार आशाताई, आणि तिच्या शंका कोणी ऐकायच्या?

म्हणून विनंती, की पुढच्या परिसंवादात एक सत्र पूर्ण मराठीत ठेवावे. आशाताई, आश्रमशाळांचे शिक्षक आणि नमुने देणारी कुटुंबे यांना प्रवासखर्च देऊन बोलवावे, आणि त्यांच्या प्रश्नांना भाषणांहून जास्त वेळ द्यावा. सुरगाण्याच्या लोकांना परतीची एसटी मिळावी म्हणून हे सत्र दुपारी दोनच्या आत संपवावे.

– एक निवृत्त शिक्षिका, म्हसरूळ, नाशिक